बूट पळतात की बाई?

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. रक्कम १५ हजार. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘बूट’.

अर्ज करणाऱ्या ताईंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर पळते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. तिला कुणीतरी मोबाईलवर दाखवलं की तळव्यात कार्बनची पट्टी बसवलेले बूट येतात, वजनाला अगदी हलके, ते घातले की माणूस आपोआप पुढे ढकलला जातो. झालं, पोरीने आईच्या मागे टुमणं लावलं.

बैठकीत गोंधळच झाला. एक ताई म्हणाल्या, “पंधरा हजारात दोन शेळ्या येतील.” दुसऱ्या उसळून म्हणाल्या, “पोराने गाडीच्या हप्त्याला मागितले असते तर दिलेच असते की.” दोघींचंही खरं होतं. शेवटी निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि या बुटांची माहिती काढायचं काम माझ्यावर आलं. मी बीएला इतिहास घेतला होता, त्यामुळे माहिती काढायला बसले की मी आधी मागे जाते. तशीच गेले, आणि जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

सुरुवात अनवाणी पायांपासूनच करू. १९६० साली रोमला ऑलिंपिक झालं. मॅरेथॉनमध्ये, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोड्या लांबीच्या शर्यतीत, इथिओपियाचा अबेबे बिकिला उभा होता. तो तिथल्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई. त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसेनात. सराव अनवाणी झालेलाच होता, म्हणून शर्यतही तो अनवाणीच धावला. दगडी फरशीच्या रस्त्यांवरून, मशालींच्या उजेडात तो पहिला आला. वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. तोवर जगात इतक्या कमी वेळात कुणीच मॅरेथॉन धावलं नव्हतं. चार वर्षांनी टोकियोला तोच पुन्हा पहिला आला, या वेळी पायात बूट होते. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहा आठवडेही नीट झाले नव्हते, तरी वेळ आली २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. आता ही तीन मिनिटं बुटांनी वाचवली असं म्हणाल, तर तसं म्हणता येत नाही. रस्ता वेगळा, हवा वेगळी, मधल्या चार वर्षांची मेहनत वेगळी.

अनवाणी म्हटलं की आपल्याला बारामतीच्या लता करे आठवतात. नवऱ्याच्या दुखण्यावर तपासण्यांचा खर्च परवडेना, म्हणून साठी ओलांडलेली ही शेतमजूर बाई नऊवारी नेसून ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली, अनवाणी धावली आणि जिंकली. पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिचं काम तिनेच केलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की बाई अनवाणी पळाली याचं कौतुक करताना ती अनवाणी का होती हे विचारायला आपण विसरतो.

आता बुटांकडे वळते. तुम्हाला गंमत वाटेल, पण आजच्या धावण्याच्या बुटाचे दोन मोठे शोध स्वयंपाकघरातून आलेत.

पहिला जपानमधला. दुसरं महायुद्ध हरल्यावर देश पार खचला होता. किहाचिरो ओनित्सुका नावाच्या माणसाने १९४९ साली कोबे शहरात बुटांचा कारखाना काढला. बास्केटबॉलचे बूट करायचे होते, पण खेळाडूचे पाय घसरायचे. एक दिवस आईने जेवायला काकडी आणि ऑक्टोपसची कोशिंबीर केली होती. ऑक्टोपसचा तुकडा वाडग्याला चिकटून बसलेला त्याला दिसला. त्याच्या पायांवर चोखून धरणाऱ्या बारीक वाट्या असतात. तशाच वाट्या त्याने बुटाच्या तळाला काढल्या. आज असिक्स म्हणून जी कंपनी ओळखली जाते, ती हीच.

दुसरा अमेरिकेतला. ऑरेगॉन विद्यापीठातला धावण्याचा प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि त्याचा जुना विद्यार्थी फिल नाईट यांनी १९६४ साली प्रत्येकी ५०० डॉलर घालून धंदा सुरू केला. आधी ते ओनित्सुकाचेच बूट आणून विकायचे. तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याचा माल विकता विकता स्वतःचा सुरू केला असेल तर पुढचं ओळखलंच असेल. बॉवरमनची बायको बार्बरा घरी वॉफल करायची. वॉफल म्हणजे चौकटी-चौकटींचा जाड घावन म्हणा, त्याचा साचा असतो. १९७१ च्या सुमारास बॉवरमनने बायकोच्या त्या साच्यात रबराचं मिश्रण ओतलं, तळाला चौकोनी दाणे यावेत म्हणून. साचा चिकटून कायमचा बाद झाला, पण बुटाला माती, गवत, डांबर सगळं धरून ठेवणारा हलका तळ मिळाला. त्याच वर्षी त्यांनी विजयाच्या ग्रीक देवीचं नाव घेतलं, नाइकी. तिची ती बाकदार खूण एका विद्यार्थिनीने काढून दिली, कॅरोलिन डेव्हिडसन तिचं नाव. मजुरी मिळाली ३५ डॉलर. पुढे कंपनी मोठी झाल्यावर तिला शेअर दिले, हेही सांगायला हवं. आणि तो वॉफलचा साचा २०१० साली बॉवरमनच्या जुन्या घराच्या आवारात उकिरडा उकरताना सापडला. कंपनीने तो जपून ठेवलाय. बार्बराने दुसरा साचा घेतला की नाही, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही!

पण या सगळ्यात बायकांचे बूट कुठे होते? नव्हतेच. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या भागासाठीच मला हे भाषण करायचं होतं.

अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन जुनी आणि मानाची. १९६६ साली बॉबी गिब या २३ वर्षांच्या मुलीने अर्ज केला. उत्तर आलं की बायकांचं शरीर इतकं अंतर धावायला समर्थ नसतं, सबब प्रवेश नाही. ती दोन वर्षं सराव करत होती आणि एका दमात या शर्यतीहून जास्त धावून बसलेली होती. सराव कशात? नर्सबाया घालतात त्या पांढऱ्या चामडी बुटांत. बाईच्या मापाचे धावण्याचे बूट बाजारात मिळतच नव्हते. पत्र वाचून ती गप्प बसली नाही. तीन रात्री चार दिवस बसने देश ओलांडून माहेरी आली. वडिलांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. आईने मात्र गाडी काढली आणि तिला सुरुवातीच्या जागेजवळ सोडलं.

अंगात पोहण्याचा काळा पोशाख, वर भावाची अर्धी चड्डी, त्यावर टोपीचा निळा सदरा. आणि पायात मुलग्यांचे सहा नंबरचे बूट, नवे कोरे. ती झुडपात लपून बसली. बंदूक वाजली, अर्धे गडी पुढे गेल्यावर ती हळूच त्यांच्यात मिसळली. बाजूच्या पुरुषांना थोड्याच वेळात कळलं. ती घाबरली, आता हाकलून देतील. पण ते म्हणाले, आम्ही कुणाला तुला काढू देणार नाही. मग तिने सदरा काढून टाकला. रस्त्यावरच्या लोकांनी ओरडून ओरडून हुरूप दिला. शेवटच्या काही मैलांत नव्या बुटांनी तिचे पाय सोलून काढले, पाऊल टेकवेना. तरी ३ तास २१ मिनिटं ४० सेकंदांत तिने शर्यत पुरी केली, दोन तृतीयांश पुरुषांच्या आधी. निकालात तिचं नाव नव्हतं. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली, आणि गिबच्या तीन वर्षांच्या विजयांना मान्यता दिली १९९६ साली. ऑलिंपिकमध्ये तर बायकांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच. गिब पुढे शिल्पकार झाली. शर्यत जिथून सुटते त्या गावात आज धावणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, तो तिनेच घडवलाय.

जपानमध्ये हितोशी मिमुरा नावाचे कारागीर खेळाडूचं पाऊल मोजून मोजून एकेक जोड करायचे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मिझुकी नोगुचीसाठी केलेल्या बुटाच्या तळात त्यांनी भाताचं तूस मिसळलं होतं, गुळगुळीत रस्त्यावर पकड यावी म्हणून. आपण जे चुलीत घालतो ते तूस! ती सुवर्णपदक जिंकली आणि बूट काढून त्याचा मुका घेतला.

आता कार्बनची पट्टी. कार्बनचे तंतू केसाहून बारीक, काळे असतात. ते डिंकासारख्या रसायनात बसवले की लोखंडाहून फार हलकी पण ताठ पट्टी होते. विमानाला, पाय गमावलेल्या धावपटूंच्या कृत्रिम पात्यांनाही तीच वापरतात. धावताना आपण चवड्यावर वाकतो तेव्हा बोटांच्या सांध्यात थोडी ताकद वाया जाते. तळव्यात ताठ पट्टी असली तर बोटं कमी वाकतात. कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी २००० च्या आसपास हे तपासलं होतं, २००६ साली त्यांना सुमारे एक टक्का बचत दिसली. एका टक्क्यासाठी तेव्हा कुणी फार धावपळ केली नाही.

खरी उलथापालथ झाली ती पट्टीच्या जोडीला नवा फेस आला तेव्हा. फेस म्हणजे तळव्यातली ती मऊ गादी. आपल्या भाषेत सांगते. तुम्ही गादीत १०० रुपयांचा जोर जमा केलात, तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या मोजणीत जुन्या जातीचा बूट परत देत होता ६५ रुपये, दुसरा एक ७६, आणि नाइकीचा नवा बूट ८७. तोही वजनाने हलका आणि गादी जाडजूड, मध्ये पळीसारखी वाकलेली कार्बनची पट्टी. धावपटूंची ताकद सरासरी चार टक्के वाचली, म्हणून बुटाच्या नावातच चार टक्के आले. २०१७ साली तो बाजारात आला, किंमत २५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अभ्यासाला पैसा कंपनीचाच होता. आणि ज्या १८ जणांवर मोजणी झाली ते १८ च्या १८ पुरुष होते. नंतर दुसऱ्या अभ्यासात पट्टीला काप देऊन तिचा ताठपणा घालवला, तरी फायदा जवळजवळ तेवढाच राहिला. म्हणजे नाव पट्टीचं आणि काम बरंचसं गादीचं. घरोघरी असंच असतं म्हणा.

बाजारात येण्याआधी हे बूट काही ठराविक धावपटूंच्या पायात होते, बाकीच्यांना पत्ता नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेत ऑलिंपिकसाठी निवड शर्यत झाली. पहिल्या तीन बायका जाणार होत्या. कारा गाउचर चौथी आली, तिसरीच्या मागे साधारण एक मिनिट. घरी बसली. पुढे उघड झालं की पहिली आणि तिसरी आलेल्या दोघी हे नवे बूट घालून धावल्या होत्या. त्यांनी नियम मोडला नव्हता, कारण नियमच नव्हता. गाउचरने काय करायचं? तिसऱ्या जागेसाठी तिने आयुष्याची किती वर्षं घातली होती.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये लागोपाठ दोन दिवस जग थक्क झालं. १२ तारखेला व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत धावला. खास आखलेली धाव असल्याने तो विक्रम धरला नाही. १३ तारखेला शिकागोत केनियाचीच ब्रिगिड कोसगेई, जुळ्यांची आई, २ तास १४ मिनिटं ४ सेकंदांत आली. पॉला रॅडक्लिफचा १६ वर्षं कुणाला न मोडलेला विक्रम तिने मोडला. दोघांच्या पायात तीच जात. मग जानेवारी २०२० मध्ये जागतिक संघटनेने नियम केला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरहून जाड नको, पट्टी एकच, आणि बूट सगळ्यांना बाजारात मिळणारा हवा. उशीरा का होईना.

लहान पल्ल्याच्या शर्यतींतही हेच झालं. पाच आणि दहा किलोमीटरसाठी कंपन्या आणखी हलके बूट करू लागल्या, काहींत कार्बनऐवजी काचेच्या तंतूंच्या सळया. बायकांचा रस्त्यावरच्या १० किलोमीटरचा विक्रम रॅडक्लिफने २००३ साली केला होता, ३० मिनिटं २१ सेकंद. २०२४ च्या जानेवारीत व्हॅलेन्सियात ॲग्नेस न्गेटिचने तो २८ मिनिटं ४६ सेकंदांवर आणला. यात बुटाचं किती आणि बाईचं किती, हे वजनकाट्यावर घालून कुणी सांगू शकत नाही.

या १० किलोमीटरच्या गोष्टीत आणखी एक ॲग्नेस आहे. केनियाची ॲग्नेस टिरोप. १९ व्या वर्षी माळरानावरच्या धावण्यात जगज्जेती, पुढे १०,००० मीटरमध्ये जागतिक स्पर्धेत दोनदा कांस्यपदक. जर्मनीत हेर्झोगेनाउराख म्हणून गाव आहे. तिथल्या दोन सख्ख्या भावांच्या भाऊबंदकीतून अदिदास आणि पुमा अशा दोन कंपन्या झाल्या. त्या गावात १२ सप्टेंबर २०२१ ला अदिदासने विक्रमांसाठी शर्यती ठेवल्या. फक्त बायकांच्या १० किलोमीटरच्या शर्यतीत टिरोप ३० मिनिटं १ सेकंदात आली. १९ वर्षांचा विक्रम तिने २८ सेकंदांनी मोडला.

बरोबर महिन्याभराने, १३ ऑक्टोबरला, ती केनियात इटेन इथल्या स्वतःच्या घरी मृतावस्थेत सापडली. भोसकून मारलेली. २६ वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस होते. नवऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, त्याने तो नाकारला. तिच्या मृत्यूनंतर तिथल्या धावपटू बायका उघड बोलायला लागल्या, की बक्षिसाचा पैसा येतो आमच्या पायांवर, पण जमीन, घर, खातं नवऱ्याच्या नाहीतर प्रशिक्षकाच्या हातात असतं, आणि हिशोब विचारला की मार. टिरोपच्या सोबतिणींनी अशा मुलींसाठी तिच्या नावाने संस्था काढली. तरी २०२४ मध्ये युगांडाची रेबेका चेपतेगेई, पॅरिस ऑलिंपिकला धावून आलेली, जोडीदाराने पेट्रोल टाकून पेटवल्याने गेली. वाद होता जमिनीचा.

मैत्रिणींनो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या गटात नवऱ्याने पासबुक ओढून नेलेल्या बाया मी पाहिल्यात. बुटांची माहिती काढायला बसले होते आणि कुठे जाऊन पोचले.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं त्याहून थोडक्यात. चार टक्क्यांचा हिशोब लांब पल्ल्याचा आहे, तोही कसलेल्या गड्यांचा. भरतीची धाव ८०० मीटरची, मैदानावर. तिथे एवढ्या उंच तळाने वळणावर पाय मुरगळायची भीती जास्त. शिवाय हे बूट काही शे किलोमीटरमध्ये मऊ पडतात. २०२३ साली तर ५०० डॉलरचा एक जोड निघाला, एकेक बूट १३८ ग्रॅमचा, तो कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे एका शर्यतीपुरता. मुलगी ऐकत होती. म्हणाली, “मग मला कसले घ्यायला पाहिजेत?” मी म्हटलं, साधे, धावण्यासाठीचेच, तुझ्या मापाचे.

अर्ज बदलला. रक्कम ३ हजार, दरमहा ३०० परत. एक अट शेळीवाल्या ताईंनीच घातली: पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात जातील, तिच्या खात्याचं कार्ड तिच्याजवळ राहील. सचिवांनी इतिवृत्तात तसं लिहिलं.

मग तालुक्याला जाणाऱ्या ताईंनी बुटाचा नंबर विचारला. मुलीला तो माहीत नव्हता. इतके दिवस ती भावाचे जुने बूट घालून पळत होती, पुढच्या टोकात चिंधीचा बोळा कोंबून. कुणीतरी वर्तमानपत्र पसरलं, तिने पाय ठेवला, आणि शेळीवाल्या ताईंनी खाली बसून पेन्सिलीने भोवती रेघ ओढली. दोन्ही पायांची.